सासूबाईंच्या डोळ्याची चौथी तारीख

मी कोणाला घाबरत नाही! हे मी बढाई म्हणून सांगत नाहीये, तपासून सांगतेय. तपासणं हा माझा पेशाच आहे. गेली एकवीस वर्षं मी वजनमापं खात्यात निरीक्षक आहे. दुकानात शिरायचं, तराजू उलटा करून खाली चुंबक चिकटवलाय का बघायचं, लिटरचं माप आतून ठोकलंय का ते बोटाने चाचपायचं, आणि दुकानदार कितीही गोड बोलला तरी चहा घ्यायचा नाही. माझ्या पर्समध्ये लिपस्टिक नसते, स्टीलची मोजपट्टी असते. मला रस्त्यावरून येताना बघून भलेभले दुकानदार घाम पुसतात.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. ज्या गोष्टीला वजन नाही, लांबी नाही आणि जी कुठल्या मापात मावत नाही, तिला घाबरून मी माझा रस्ता का बदलू? शिंकेचं वजन किती? मागून मारलेल्या हाकेची लांबी किती? सांगा ना! कोणी सांगत नाही. नुसते म्हणतात, "असू दे, पण कशाला विषाची परीक्षा?" हे 'असू दे, पण' ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

आणि माझ्या नशिबी सासू कोणती आली? जिचं अख्खं आयुष्य 'असू दे, पण'वर चाललंय ती!

सासूबाई पंच्याहत्तरीच्या. पाठ ताठ, आवाज असा की खालच्या मजल्यावरचा माणूस वर बघतो. फक्त दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा तर इतका पिकलेला की त्यांना माणसं दिसत नाहीत, रंगांचे ढग दिसतात. नवरा निळा ढग, कारण तो कायम निळा शर्ट घालतो. मी कधी हिरवा, कधी तपकिरी. एकदा तर त्यांनी दारामागे टांगलेल्या माझ्या गाऊनला अर्धा तास भांडी नीट न घासल्याबद्दल सुनावलं आणि मग मला म्हणाल्या, "आज तू उलट उत्तर दिलं नाहीस, बरं वाटलं."

ऑपरेशनची पहिली तारीख मिळाली तेव्हा दारात पाऊल टाकताना नवरा शिंकला. त्याला धुळीची ॲलर्जी आहे, तो दिवसातून चाळीस वेळा शिंकतो. पण सासूबाई चप्पल काढून आत गेल्या त्या गेल्याच. दुसऱ्या तारखेला आम्ही जिन्यात पोचलो तर मागून शेजारीण म्हणाली, "कुठे निघालात?" या शेजारणीला आमच्या घरात 'चौकशीची खिडकी' म्हणतात. झालं! सासूबाई परत फिरल्या. तिसऱ्या तारखेला सकाळी न्हाणीघरातला आरसा खिळ्यावरून सुटून फुटला, म्हणून आम्ही घराबाहेरच पडलो नाही.

तिसऱ्या वेळी हॉस्पिटलच्या नर्सबाईंनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं, "मॅडम, मोठे डॉक्टर पुढच्या बुधवारपासून तीन महिने बाहेर आहेत. मंगळवारी दहाला आणा. नाही आणलं तर यादीतून नाव जाईल. आणि तीन महिन्यांनी त्या डोळ्याचं काय होईल ते मी सांगू शकत नाही."

मंगळवारच्या आधीच्या शुक्रवारी मी सासूबाईंच्या पायाला तेल लावत होते तेव्हा पोटरीवर तळहाताएवढा काळानिळा डाग दिसला. विचारलं तर म्हणाल्या, "पलंग लागला." पलंग इतक्या खाली नसतो. जिन्याची शेवटची पायरी चुकली होती, आणि त्यांनी चार दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. वरती मी म्हटलं ना, मी कोणाला घाबरत नाही म्हणून? त्या डागाला मी घाबरले.

मग मी योजना केली. एकदम खात्यासारखी! नवऱ्याला सकाळी साडेसहालाच ऑफिसला पाठवलं. तो म्हणाला, "अगं, ऑफिस नऊला उघडतं." मी म्हटलं, "मग बाहेर शिंका." चौकशीच्या खिडकीकडे मी आदल्या संध्याकाळीच स्वतःहून गेले आणि तिला कुठे, कधी, कशासाठी, कोणत्या डोळ्याचं, सगळं सांगून टाकलं. वर विचारलं, "अजून काही विचारायचंय? आत्ता विचारा." ती बिचारी गोंधळून गेली. घरातले उरलेले आरसे मी उतरवून गादीखाली ठेवले आणि सकाळी भांग अंदाजाने पाडला.

नऊ वाजून पाच मिनिटांनी आम्ही निर्विघ्नपणे गाडीत बसलो. आमची गाडी पांढरी. सासूबाईंना ती पांढरा मोठा ढग म्हणून ओळखू येते आणि चाचपत चाचपत त्या बरोबर दार शोधतात. मी पट्टा लावून दिला. हॉस्पिटल घरापासून साडेचार किलोमीटर. गर्दी धरून पंचवीस मिनिटं. मनात म्हटलं, जिंकलं!

आता आमच्या रस्त्यांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी गाडी नियमाने चालवते, म्हणजे रस्त्यावर मी एकटीच असते. बाकीच्यांसाठी इंडिकेटर हा दागिना आहे, गाडीला असावा लागतो, वापरायचा नसतो. लाल दिवा लागला की मी थांबते, आणि मागचा माणूस हॉर्न वाजवून विचारतो की मला बरं वाटत नाहीये का. त्या दिवशीही एक टेम्पो उलट्या बाजूने आला आणि मलाच हात करून म्हणाला, "बाजूला घ्या ना, ताई!" मी घेतली नाही. तो दोन मिनिटं माझ्यासमोर उभा राहिला आणि शेवटी मागे गेला. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "एकाचं माप चुकलं होतं, दुरुस्त केलं."

नऊ पस्तीसला आम्ही हॉस्पिटलच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो. समोर पाटी दिसत होती, मोठ्या डोळ्याचं चित्र असलेली. जेमतेम दीडशे मीटर! माझ्या पुढे फक्त एक स्कूटरवाला. मी डावीकडे वळायला इंडिकेटर दिला, आणि तेवढ्यात गल्लीच्या उजव्या कोपऱ्यातून एक मांजर निघालं. घाई नाही, गडबड नाही. मातकट रंगाचं, पोट सुटलेलं. रस्त्याच्या मधोमध थांबलं, आम्हा सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि डाव्या बाजूच्या झेरॉक्सच्या दुकानामागे निघून गेलं.

स्कूटरवाल्याने दोन्ही पाय जमिनीला लावले.

मी मूग गिळून गप्प बसले. म्हटलं, सासूबाईंना तर दिसत नाही! हॉर्नसुद्धा दिला नाही. पण स्कूटरवाला मागे वळून आख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "मांजर गेलं हो आडवं!"

"काय म्हणाला गं तो?" सासूबाई ताठ झाल्या.

"काही नाही आई. पिशवी उडाली प्लास्टिकची."

"पिशवी काय, मॅडम!" स्कूटरवाला माझ्या खिडकीशी वाकून म्हणाला. "एवढं शेपूट होतं!"

मी पहिला गियर टाकला. सासूबाईंनी हँडब्रेक ओढला. डोळ्यांना दिसत नसलं तरी हँडब्रेक कुठे आहे ते त्यांना पाठ आहे, कारण त्यावर त्या कोपर टेकवून बसतात. गाडी एक गचका खाऊन बंद पडली.

"आधी दुसऱ्या कोणाला तरी जाऊ दे," त्या म्हणाल्या.

बरं, दुसरं कोणी जाईल तर शपथ! गल्लीत शिरणारे आमच्या बाजूला होते तसे समोरून येऊन गल्लीतच वळायला थांबलेलेही होते. त्यांच्यात सगळ्यात पुढे एक पांढरी गाडी, आमच्याच गाडीची जुळी बहीण. आत एक चष्मेवाला गृहस्थ दर मिनिटाला घड्याळ बघत होता. तोही थांबलेला. त्याच्यामागे भाजीचा टेम्पो, त्याच्यामागे शाळेची बस. आमच्या मागेही रांग लागली. आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघून हात पुढे करत होता, 'आधी तुम्ही, आधी तुम्ही!' एरवी हीच माणसं अर्ध्या फुटाच्या फटीतून नाक घालतात, अँब्युलन्सच्या मागे लागून सिग्नल तोडतात. आज सगळ्यांना सभ्यपणाचा झटका आला होता. टेम्पोवाला तर मला म्हणाला, "ताई, बायकांना पहिला मान!" आयुष्यात पहिल्यांदा मला रस्त्यावर मान मिळाला, तो मांजरामुळे!

मी विचारत सुटले. "अहो, तुम्ही मानता हे?"

"छे छे! मी नाही मानत," स्कूटरवाला म्हणाला. "पण घरचे मानतात."

"मी कशाला मानू?" टेम्पोवाला म्हणाला. "पण पुढची गाडी थांबली, मग मी काय करणार?"

म्हणजे मानणारा एकही माणूस नव्हता आणि थांबलेली वाहनं होती चाळीस! मागे बातमी पोचेपर्यंत मांजर काळं झालं होतं. रांगेच्या टोकाला तर दोन काळी मांजरं भांडत भांडत गेली, अशी पक्की खबर होती.

नऊ पन्नास झाले. वाहतूक पोलीस आला. शिट्टी वाजवत, काठी आपटत, एकदम रुबाबात. "काय तमाशा आहे? कोण अडवतंय?" सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. मग कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं. तो गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, तिथे बूट जुळवून उभा राहिला आणि म्हणाला, "माझी ड्युटी चौकात आहे. गल्ली माझ्याकडे येत नाही."

मी गाडीत हातावर हात ठेवून बसले होते. रागाने कान तापले होते. म्हटलं, "आई, दहा मिनिटं राहिलीत. तो डोळा गेला तर हे मांजर येऊन तुमचा हात धरणार आहे का? जिन्यावरून पडलात ते माहीत आहे मला!"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत, एवढ्या खणखणीत आवाजाची बाई, अगदी हळू म्हणाली, "अगं, मांजराचं काय घेऊन बसलीस. मला त्या सुईची भीती वाटते. डोळ्यात सुई घालतात म्हणे. डोळा उघडा असतो आणि आपल्याला ती येताना दिसते."

शिंक, हाक, आरसा, सगळ्यांच्या मागे ही सुई लपून बसली होती, आणि मी शहाणी चार महिने शिंकेवर व्याख्यानं देत होते! मी त्यांचा हात धरला. "मी असेन ना बाहेर," मी म्हटलं. "आणि तुम्हाला येताना काही दिसत नाही, मग सुई कशी दिसेल?"

त्या हसल्या. मला वाटलं, आता रस्ता मोकळा केला की झालं. मी पर्समधून मोजपट्टी काढली आणि खाली उतरले.

"हे बघा!" मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ओरडले. "ही रेघ! इथून मांजर गेलं!" मी मोजपट्टी टाकली. "गल्लीची रुंदी चार मीटर वीस सेंटिमीटर. मांजर गेल्यावर किती झाली? चार मीटर वीस सेंटिमीटर! काही कमी झालं? काही वाढलं?" मी रेघ ओलांडून पलीकडे गेले, परत अलीकडे आले, पुन्हा पलीकडे. "ही बघा, जिवंत आहे मी! आता तरी निघा!"

लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग स्कूटरवाला म्हणाला, "पायी गेलेलं धरत नाहीत, मॅडम. गाडी जावी लागते."

"आणि त्या परतही आल्या," टेम्पोवाला म्हणाला. "म्हणजे ते रद्दच झालं."

एवढ्यात समोरच्या पांढऱ्या गाडीची काच खाली झाली. चष्मेवाल्याने डोकं बाहेर काढलं. "ओ बाई! रस्त्यात पट्टी टाकून काय खेळताय? गाडी चालवता येत नसेल तर घरी बसा ना! तुमच्यामुळे माणसांची कामं खोळंबलीत!"

"माझ्यामुळे? मग तुम्ही या ना पुढे! कोणी धरलंय तुम्हाला?"

"मी... मी थांबलोय कारण तुम्ही थांबलाय!"

मी त्याला काही खरमरीत बोलणार, तोच मागे आमच्या गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"कोण बोललं ते?" सासूबाई! एक हात बॉनेटवर, दुसऱ्या हातात काठी. "कोण बोललं माझ्या सुनेला? मला दिसत नाही, पण ऐकू चांगलं येतं!"

"आई, आत बसा!"

"तू गप्प! एकवीस वर्षं सगळ्या बाजाराला सरळ केलंय हिने, आणि हा हिला घरी बसायला सांगतो!" त्या काठी आपटत निघाल्या. स्कूटरवाल्यापाशी पोचल्यावर काठीने त्याच्या हेल्मेटवर टकटक केली. "तूच ना रे?"

"मी नाही, आजी! ते पांढऱ्या गाडीतले!"

"बरं. पण तूही काही शहाणा नाहीस." असं म्हणून त्या चष्मेवाल्याच्या आवाजाच्या रोखाने पुढे गेल्या. आणि जाताजाता, जिथे चाळीस वाहनं, एक पोलीस आणि शाळेची आख्खी बस अर्धा तास अडकली होती, ती रेघ माझ्या सासूबाईंनी सहज ओलांडली. त्यांना ती दिसलीच नाही.

लगेच कोणीतरी ओरडलं, "म्हातारं माणूस गेलं! आता काही नाही!"

"अहो, आत्ता तर म्हणालात पायी गेलेलं धरत नाहीत!" मी म्हटलं.

"म्हातारं माणूस धरतात!"

हा नियम कुठल्या पुस्तकात आहे ते विचारायला मला वेळच मिळाला नाही. कारण चाळीसच्या चाळीस वाहनं एकाच वेळी निघाली! दोन्ही बाजूंनी! चार मीटर वीस सेंटिमीटरमध्ये! टेम्पो आडवा झाला, बस टेम्पोला चिकटली, स्कूटरी पदपथावर चढल्या. मला लोकांनी ढकलत ढकलत माझ्या गाडीपाशी आणून सोडलं. "गाडी काढा, गाडी काढा!" मी कशीबशी ती कडेला घेतली, झेरॉक्सच्या दुकानाला लावली, आणि मागे वळून बघितलं.

सासूबाई नव्हत्या.

माझ्या पाचावर धारण बसली. धूर, हॉर्न, माणसं, आणि त्यात न दिसणारी पंच्याहत्तर वर्षांची बाई! मी "आई! आई!" अशा हाका मारत सुटले. त्यावर चार-पाच अनोळखी बायकांनी वळून बघितलं. एका गाडीत मागच्या सीटवर पांढऱ्या केसांची एक बाई पाठमोरी दिसली. मी दार उघडून तिचा हात धरला आणि म्हटलं, "चला, उतरा, केवढं घाबरवलंत!" ती उतरलीसुद्धा! तिला पलीकडे उभं केल्यावर मी तोंड बघितलं. भलतीच बाई! तिच्या मुलाने मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. तिने मात्र माझा हात सोडला नाही. म्हणाली, "तू घेऊन चल मला. हा वीस मिनिटं नुसता हॉर्न वाजवतोय."

पोलिसाला गाठलं. "माझ्या सासूबाई हरवल्या!"

"वर्णन सांगा."

"उंच, ताठ, काठी, जोरात बोलतात."

"त्या हरवल्या नसतील, मॅडम. दुसरं कोणी हरवलं असेल," पोलीस म्हणाला. त्याच्याही हेल्मेटवर टकटक झाली होती म्हणे.

एवढ्यात फोन वाजला. नवरा. "पोचलात का? आई कशी आहे?"

"मजेत आहे," मी म्हटलं. "रेंज येत नाहीये नीट, ठेवते." आणि फोन बंद करून मी रडायला लागले. मला कुठून बुद्धी झाली खाली उतरून पट्टी टाकायची! गप्प गाडीत बसले असते तर? जिंकायचं होतं मला. चाळीस माणसांना धडा शिकवायचा होता. त्या नादात ज्या बाईचा हात धरून बसायचं, तिलाच एकटी सोडून आले.

दहा पंचवीसला मी हॉस्पिटलकडे धावले. म्हटलं, तिथून माणसं घेऊन शोधू. काचेचं दार ढकललं, आणि समोर बाकावर हिरवा गाऊन घालून, डोक्याला टोपी बांधून सासूबाई बसलेल्या! शेजारी नर्सबाई कपाळावर हात मारून उभ्या.

"आलीस?" सासूबाई म्हणाल्या. "कुठे होतीस इतका वेळ?"

"मी? मी कुठे होते? तुम्ही कशा आलात?"

"अगं, आपल्याच गाडीतून आले की. गोंधळ झाला, मी पांढरं बघितलं, दार उघडलं, बसले. म्हटलं, चल गं लवकर. तर तू नुसती खाकरलीस. मग मी म्हटलं, एवढ्यात आवाज कसा घोगरा झाला तुझा? तेव्हा तो बोलला."

"कोण तो?"

सासूबाईंनी काठी डावीकडे रोखली. दारात, हात धुऊन वर धरलेला, हिरवा पोशाख घातलेला एक गृहस्थ उभा होता. तोच चष्मा! तेच घड्याळ बघायची सवय झालेलं मनगट! आम्ही कधी मोठ्या डॉक्टरांना बघितलंच नव्हतं. तपासणी धाकट्या डॉक्टरीणबाई करायच्या, मोठे डॉक्टर फक्त ऑपरेशनला यायचे.

त्यांनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं. नंतर ते छताकडे बघायला लागले.

"तुम्ही!" मी म्हटलं. "तुम्ही डॉक्टर? शिकलेले? आणि मांजरासाठी अर्धा तास थांबलात?"

"मी मानत नाही हो," डॉक्टर चाचरत म्हणाले. "पण आज सहा ऑपरेशनं होती. म्हटलं, असू दे, पण..."

'असू दे, पण'! माझं डोकं फिरलं! "आई, उठा! यांच्या हातून डोळा करायचा नाही! जो माणूस मांजराला घाबरतो त्याच्या हातात मी तुमचा डोळा देणार नाही! माझा ठाम विरोध आहे!"

नर्सबाईंनी शांतपणे जाड रजिस्टर उघडलं. "म्हणजे तारीख तुम्ही रद्द करताय, मॅडम? हरकत नाही. कारण लिहावं लागतं. पहिल्या वेळचं आहे शिंक. दुसऱ्या वेळचं हाक. तिसऱ्या वेळचं आरसा." त्यांनी पेन उघडलं. "आता चौथ्या वेळचं काय लिहू? मांजर?"

बाकावर बसलेले पेशंट माझ्याकडे बघत होते. ज्यांना दिसत नव्हतं ते सुद्धा.

"तू थांब गं," सासूबाई म्हणाल्या. काठी टेकून उभ्या राहिल्या आणि डॉक्टर होते त्याच्या वीतभर उजवीकडे तोंड करून म्हणाल्या, "मी यांच्याच हातून करून घेणार. मांजर दिसलं तर जो माणूस चाळीस जणांच्या शिव्या खात थांबतो, तो सुई हातात असताना किती जपून वागेल! मला धाडसी डॉक्टर नकोय. धाडस करायला घरात तू आहेस." मग पुन्हा तो मघाचा हळू आवाज. "पण काय हो डॉक्टर, सुई मोठी असते का?"

"डोळ्यात सुई नाही घालत आता, आजी," डॉक्टर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज डॉक्टरासारखा वाटला. "औषधाचे थेंब घालतो. मी बोलत राहीन, तुम्ही ऐकत राहा."

"बोला, पण ओरडू नका. आणि आधी माझ्या सुनेची माफी मागा."

वर धरलेले हात जोडता येत नव्हते, म्हणून डॉक्टरांनी मान खाली घालून माफी मागितली. मी ती घेतली. दुसरं करणार काय? मी दारापर्यंत त्यांचा हात धरून गेले. त्यांनी आत जाताना एकदा घट्ट दाबला आणि सोडला.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. सासूबाईंनी डोळा मिचकावला, भिंत बघितली, खिडकी बघितली, निळ्या शर्टातल्या मुलाला बघून "केवढं पोट सुटलंय रे!" म्हणाल्या. मग माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. कानाजवळच्या केसांना हात लावून म्हणाल्या, "हे कधी पिकले गं? मला सांगितलं नाहीस." मी म्हटलं, तुम्ही कुठे सांगितलंत पडल्याचं. आणि आम्ही दोघी त्या नर्सबाईंसमोर डोळे पुसायला लागलो, तेव्हा त्या ओरडल्या, "आजी, डोळ्याला हात लावू नका!"

म्हणजे शेवटी जिंकले मीच. अंधश्रद्धेवर विज्ञानाचा विजय वगैरे. मी खात्यात सगळ्यांना सांगितलं, दोन दिवस माझं फार कौतुक झालं.

फक्त एक घोटाळा झालाय. सासूबाईंना आता दिसतं. नुसतं दिसत नाही, फार दिसतं. पूर्वी मांजर गाडीखालून गेलं तरी मी पिशवी म्हणून खपवायचे. आता पाव किलोमीटरवर, तिसऱ्या इमारतीच्या पत्र्यावर, पाय पोटाशी घेऊन मांजर झोपलेलं असतं, आडवं जायचा विचारही त्याच्या मनात नसतो, आणि या ओरडतात, "थांब! तो बघ, उठेल आता!" परवा मंडईत जायला आम्हाला एक तास दहा मिनिटं लागली. अंतर नऊशे मीटर.

आणि हे फक्त उजव्या डोळ्याचं झालं. डाव्याची तारीख मोठे डॉक्टर परत आले की, म्हणजे तीन महिन्यांनी आहे. ती आपणच जरा पुढे ढकलावी का, असा मी सध्या विचार करतेय. नर्सबाई कारण विचारतील, ते मात्र अजून ठरत नाहीये.